टपटपणारा नळ, फुसफुसणारा कुकर आणि भिशीचे दोन हजार

ताई,

मी सांगलीत गावभागात राहते. घर सासऱ्यांच्या वेळचं, जुनं. हे, सासूबाई, दोन मुलं आणि मी. मोठं दुःख काही नाही, सगळं बरं चाललंय. पण घरातल्या बारीकसारीक गोष्टींनी डोकं उठतं. स्वयंपाकघरातला नळ रात्रभर टपटपतो. कुकर शिटी द्यायचं सोडून चारी बाजूंनी फुसफुसतो आणि शेगडीवर डाळीचं पाणी सांडतं. माजघरातला पंखा पाचावर ठेवला तरी रेंगाळतो. न्हाणीतून रात्री झुरळं वर येतात. मागचं दार 2019 च्या पुरापासून पावसाळ्यात घासतं आणि उन्हाळ्यात धाडकन आपटतं. मिक्सरचंही काहीतरी बिनसलंय. ह्यांना सांगितलं की म्हणतात, "एकदाच सगळं रिनोव्हेशन काढू." हे गेली चार वर्षं ऐकतेय. सासूबाई म्हणतात, "चाललंय की! आमची हयात गेली ह्यात." मी रील्स बघून भाजी चिरायचं दोरीचं यंत्र, भिंतीला चिकटणारे हुक असलं काय काय मागवलं. हुक आठवड्यात गळून पडले, यंत्र माळ्यावर आहे. यंदा भिशीचे दोन हजार हाताशी आहेत. त्यात काय काय घेऊ? आणि एवढ्या-तेवढ्यावरून चिडचिड करणं हा माझाच दोष आहे का? मी तुमच्याहून लहान आहे, अगं-तुगं केलंत तरी चालेल.

— एक वाचक, गावभाग, सांगली

*

शेवटचा प्रश्न आधी घेते, म्हणजे तो बाजूला पडेल. दोष-बिष काही नाही. नळ ज्याच्या उशाशी टपटपतो त्यालाच तो ऐकू येतो. तुझे यजमान दिवसभर बाहेर, सासूबाईंच्या कानाला सवय झालेली. कुकरसमोर उभी राहणारी तू, डाळ पुसणारी तू, त्या दारातून दिवसातनं वीसदा ये-जा करणारीही तूच. तेव्हा त्रास कोणाला होतो आणि दुरुस्ती कोणी काढायची, दोन्हीचं उत्तर एकच आहे. परवानगी मागत बसू नकोस. पाच रुपयांच्या वायसरसाठी घरात ठराव पास करावा लागत नाही.

आता पैशाचं. भिशीचे दोन हजार पुरून उरतील, पण माझी एक अट आहे. नवी वस्तू आणायची नाही. तुझी यादी मी दोनदा वाचली. न्हाणीचं सोडलं तर एकही अडचण घरात वस्तू कमी आहे म्हणून आलेली नाही. जी वस्तू आहे, तिच्यातला झिजायचाच असलेला एखादा भाग झिजलाय, एवढंच. कुठे रबर, कुठे रिंग, कुठे कंडेन्सर. हे सुटे भाग आपल्याकडे अजून मिळतात, पाच-दहा रुपयांपासून दोनशेपर्यंत, आणि गणपती पेठेत किंवा मिरजेच्या बाजारात गेलीस तर दुकानदार तुकडा हातात घेऊन बघून जोडीचा काढून देतो. रीलमध्ये हे कोणी दाखवत नाही, कारण वायसरचा व्हिडिओ बघणार कोण?

म्हणून पहिला नियम: दुकानात जुना तुकडा घेऊन जायचं. मोबाइलवरचा फोटो उपयोगाचा नाही, फोटोत माप कळत नाही. आणि संध्याकाळी गर्दीत जाऊ नकोस, दुपारी जा. दुपारी दुकानदार मोकळा असतो, नीट सांगतो, कधी कधी "हे कशाला घेताय, नुसतं साफ करा" असंही म्हणतो.

नळापासून सुरू कर, कारण तो सगळ्यात सोपा आणि त्याचा फरक त्याच रात्री कळतो. आधी तुझा नळ कुठल्या जातीचा ते बघ. चावी तीन-चार वेढे फिरवावी लागते का, की पाव वेढ्यात चालू-बंद होतो? जुन्या घरात बहुतेक वेढ्यांचाच असेल. त्याच्या आत दांडीच्या टोकाला रबराची छोटी चकती असते, तोच वायसर. नळ बंद करताना ही चकती पितळी बैठकीवर दाबली जाते आणि पाणी थांबतं. दाबून दाबून तिच्यावर गोल खाच पडते, मग कितीही आवळलं तरी त्या खाचेतनं थेंब येतोच. टपटप वाढली की घरातलं प्रत्येक माणूस चावी आणखी जोरात पिळतं, त्यानं वायसर आणखी लवकर कापला जातो. सासूबाईंना एवढं नक्की सांग की पाणी थांबलं की हात थांबवायचा.

बदलायचं असं: वरच्या टाकीचा कॉक बंद कर, नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ दे, सिंकच्या भोकावर फडकं टाक. हे फडकं विसरू नकोस, बारीक स्क्रू आत गेला तर वायसर राहतो बाजूला आणि प्लंबर बोलवावा लागतो. वरची चावी काढ, खालचं षटकोनी बूड पान्ह्यानं डावीकडे फिरवून सोडव. दांडी बाहेर आली की टोकाला वायसर दिसेल. तो बोटावर धरून बघ, खाच उघड दिसते. तसाच नवा बसवायचा. साधा वायसर पाच-दहा रुपयांना येतो. दोन जास्तीचे घेऊन ठेव, घरातले बाकीचे नळही त्याच वयाचे असणार. नवा घालूनही टपटप राहिली तर आतली पितळी बैठक खडबडीत झालीय असं समज. तिथे मात्र प्लंबर लागतो, किंवा नळच बदललेला परवडतो. आणि नळ पाव वेढ्याचा निघाला तर त्यात वायसर नसतो, सिरॅमिकच्या चकत्यांचा स्पिंडल असतो. तो अख्खा बदलावा लागतो, शंभर-दोनशेच्या घरात मिळतो.

एका मिलिलिटरमध्ये साधारण 20 थेंब मावतात. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं. यजमानांना पटवायचं असेल तर बोलू नकोस, रात्री नळाखाली पातेलं लाव आणि सकाळी त्यांच्या चहाचं आधण त्यातलंच ठेव.

नळाच्या तोंडाला जाळीची टोपी असेल आणि धार तिरकी फुटत असेल, तर तो क्षार आहे. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात हा पांढरा थर सगळीकडे दिसतो: शॉवरच्या भोकांत, बादलीच्या कडेला, गिझरमध्ये. त्याला महागडी बाटली लागत नाही. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, तेच सायट्रिक ॲसिड. पेलाभर गरम पाण्यात चमचाभर घालून टोपी तासभर बुडवून ठेव आणि जुन्या टूथब्रशनं घास. दोन गोष्टी सांभाळ. हे पाणी शहाबादी किंवा कडप्प्यावर सांडू देऊ नकोस. ते दगडच चुनखडीचे, आंबट पडलं की पृष्ठभाग खातं आणि पांढरा डाग कायमचा राहतो. आणि ब्लीचिंग पावडर टाकलेल्या जागी लिंबूसत्व, व्हिनेगर, ॲसिड यातलं काहीही ओतायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीत तो छातीत जातो.

कुकर. फुसफुसण्याचं कारण दहातल्या आठ वेळा रिंग. नवी रिंग मऊ असते, ताणली की परत येते. जुनी बोटानं दाब, कडक लागेल, एखाद्या ठिकाणी चीरही दिसेल. ती झाकणाला धरत नाही, वाफ कडेनं निघते, आत दाब भरतच नाही, मग शिटी कुठली व्हायला? गार पाण्यात किंवा फ्रीजमध्ये ठेवून रिंग आवळून येते हे खरं, पण ते चार दिवसांचं. पाहुणे यायचेत आणि दुकान बंद आहे, अशा वेळेपुरतं ठीक.

रिंग घ्यायला जाताना अख्खं झाकण पिशवीत टाकून ने. लाजायचं काही नाही, सगळेच नेतात. लिटरचा आकडा सारखा असला तरी आतून बसणाऱ्या झाकणाची रिंग वेगळी आणि बाहेरून बसणाऱ्याची वेगळी, आणि एका कंपनीची दुसऱ्याला नीट बसत नाही. कुकरच्याच कंपनीची घे, वीस-तीस रुपये जास्त गेले तरी. सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाबतीत तर दुसरा पर्यायच मनात आणू नकोस. त्याच्यात ठरावीक उष्णतेला वितळणारा धातू असतो. शिटीचा मार्ग तुंबला किंवा आतलं पाणी आटलं तर तो वितळतो आणि वाफेला वाट करून देतो. त्याच्या जागी कसलातरी स्क्रू ठोकलेले कुकर मी घराघरांत पाहिलेत. असा कुकर शेगडीवर चढवायचाच नाही.

रिंग नवी घालूनही डाळीचं पाणी शिटीतून वर येत असेल, तर दोन गोष्टी बघ. शिटी ज्या नळकांड्यावर बसते ते उजेडाकडे धरून आरपार दिसतं का? तूरडाळीचं साल अडकतं तिथे. आणि डाळ-तांदूळ अर्ध्या कुकरच्या वर भरतेस का? डाळ फेसाळते, तिला जागा लागते. थेंबभर तेल घातलं तर फेस कमी होतो. कुकर मोठा घेण्याआधी डाळ थोडी कमी घालून बघ.

कुकर उचलायची सांडशी ढिली झालीय का, हे तू लिहिलेलं नाहीस, पण मला जवळजवळ खात्री आहे की झाली असणार. जुन्या घरातली सांडशी कोणी बदलतच नाही. रिव्हेट सैल झाली की गरम पातेलं हातात गर्रकन फिरतं. पातेल्याची कड धरून एकदा हलवून बघ. पात्या आडव्या सरकत असतील तर आजच शंभर-दीडशेची जाड स्टीलची आण. नव्या वस्तूचा माझा नियम इथे मी मोडते. भाजलेल्या हाताची किंमत जास्त.

पंखा. पाचावर ठेवूनही रेंगाळतो म्हणजे बहुतेक कंडेन्सर गेलाय. पंखा बंद कर, स्टुलावर चढून पातं हातानं हलकं फिरव. मोकळं फिरून हळूहळू थांबलं, तर बेअरिंग ठीक आहे, दोष कंडेन्सरचा. खरखर वाजलं किंवा लगेच अडलं, तर बेअरिंग. आणि संध्याकाळीच मंदावत असेल, बल्बही पिवळे पडत असतील, तर व्होल्टेज कमी येतंय, त्याला पंखा बिचारा काय करणार? चढलीच आहेस तर पात्यांवरची धूळ पूस. वरच्या कडेवर बोटभर थर साठतो, त्यानंही वारा कमी लागतो.

छताच्या पंख्याला साधारण 2.5 एमएफडीचा (म्हणजे मायक्रोफॅरडचा, ते त्याचं माप) कंडेन्सर असतो, आकडा त्याच्यावर छापलेला असतो. पन्नासेक रुपयांची वस्तू. "मोठा टाका, जोरात फिरेल" असं कोणी सांगेल, ऐकू नकोस, मोटरमधल्या तारेचं वेटोळं तापतं. जेवढ्याचा होता तेवढ्याचाच. हे काम मात्र इलेक्ट्रिशियनकडून करून घे. कंडेन्सर बटण बंद केल्यावरही वीज धरून ठेवतो. शिवाय एकदा बोलावलंसच तर सैल झालेले सॉकेट, ठिणगी उडणारी बटणं एकाच फेरीत उरकून घे, त्याच्या येण्याचेच पैसे असतात.

न्हाणीतली झुरळं. जाळीखाली वाकडा भाग असतो, त्यात कायम पाणी साठून राहायला हवं. त्या पाण्याच्या बुचामुळे गटाराचा वास आणि किडे वर येत नाहीत. वापरात नसलेल्या मोरीतलं हे पाणी उन्हाळ्यात आटतं, आणि लोक म्हणतात, "अचानक वास यायला लागला." अशा ठिकाणी रात्री तांब्याभर पाणी ओतलं की झालं, खर्च शून्य. पण गावभागातल्या कितीतरी जुन्या घरांत मोरीचा पाइप सरळ बाहेरच्या गटारात निघतो, मध्ये पाणी धरणारं काही नसतंच. तुझ्याकडे तसं असेल तर झाकणाची झुरळजाळी घे. पाणी जाताना उघडते, एरवी मिटते. शंभर ते अडीचशेपर्यंत मिळते. जायच्या आधी भोकाचं माप पट्टीनं घे, पाच इंची आणि सहा इंची अशा वेगवेगळ्या येतात. घातल्यावर आठवड्यातून एकदा केस काढायचे, नाहीतर झाकण मिटत नाही आणि झुरळांना तेवढी फट पुरते.

मागचं दार जरा नाजूक प्रकरण आहे. पुराच्या पाण्यात भिजलेलं लाकूड दर पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. आषाढात घासतंय म्हणून सुताराला बोलावून रंधा मारलास, तर मार्च-एप्रिलमध्ये बोटभर फट पडेल आणि तिथून उंदीर येईल. पावसाळ्यात घासतं तिथे नुसती मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासून वेळ मारून ने. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की दार उतरवून बघ. वरची आणि खालची कड बहुतेक कोरी असेल. सुतार पुढून-मागून रंग देतात आणि ह्या दोन कडा सोडतात, आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच. त्यांना तेलरंगाचे दोन हात दे. मग पुढच्या पावसाळ्यानंतर ठरव रंधा लागतो का ते.

आपटण्यावर मॅग्नेटचा कॅचर येतो, रबरी पाचर येते, दोन्ही स्वस्त. त्याआधी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून चौकटीला दोन बारीक खिळ्यांनी मारून बघ, सायकल दुकानात फुकट मिळेल. बिजागरी करकरत असेल तर स्वयंपाकाचं तेल घालू नकोस. शेंगतेल काय, करडईचं काय, चार दिवस बरं वाटतं, मग चिकट होऊन धूळ धरतं, करडईचं तर वाळून घट्ट थर होतो. शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली आण. वर्षभर कुलपं, कड्या, कात्र्या सगळ्याला पुरते.

तुझे हुक का पडले तेही सांगते. तुमच्या भिंती पांढऱ्या मातीच्या असणार, वर चुना किंवा डिस्टेंपर. हुक चिकटतो तो रंगाला, आणि रंग भिंतीला धरून नसतो. असे हुक टाइल्सवर, काचेवर, स्टीलच्या कपाटावर टिकतात. जागा आधी कोरडी आणि तेलकटपणा जाईपर्यंत पुसलेली हवी. मातीच्या भिंतीत ड्रिलही मारू नकोस, भोक मोठं होत जातं आणि पोपडे पडतात. चौकटी आणि तुळया सागवानी असतील, त्यांत पितळी हुक हातानं फिरवून बसव, पिढी जाईल पण हुक जाणार नाही.

हे सगळं मिळून हजाराच्या आसपास येईल. उरलेल्यात एक पान्हा, एक पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि टेफ्लॉन टेपचं एक रीळ घेऊन बिस्किटाच्या डब्यात ठेव. त्यातूनही उरले तर गॅसची नळी बघ. केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. कंपनीच्या एजन्सीकडूनच घे. गॅसची नळी, एक्स्टेन्शन बोर्ड आणि स्टूल ह्या तीन गोष्टींत स्वस्तातलं शोधू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोनशे रुपयांच्या डुगडुगत्या प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहून पन्नास रुपयांचा कंडेन्सर बदलणारे लोक मला अजिबात हुशार वाटत नाहीत.

यजमानांच्या रिनोव्हेशनला विरोध करू नकोस, होईल तेव्हा होऊ दे. फक्त तोपर्यंत वहीत दोन ओळी लिहून ठेव, कारण फरशी निवडण्याच्या नादात ह्या राहतात: प्रत्येक नळाला स्वतंत्र अँगल कॉक, म्हणजे वायसरसाठी अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागणार नाही. आणि न्हाणीला पाणी धरणारा ट्रॅप.

राहिला मिक्सर. "काहीतरी बिनसलंय" एवढ्यावरून मला सांगता येणार नाही. भांड्याच्या बुडातून चटणीचं पाणी गळत असेल तर पात्याखालचा बुश नि वायसर गेलाय, भांडं घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जा. मोटर फिरते पण पातं फिरत नसेल तर मोटरला भांड्याशी जोडणारा कपलर तुटलाय, तीस-चाळीस रुपये. तो काढताना जोर करू नकोस, बऱ्याच मिक्सरना त्याचे आटे उलटे असतात. आणि जळका वास येत असेल तर आत्ताच पिन काढून ठेव आणि ह्यातलं कुठलं ते मला कळव. भाजी चिरायचं यंत्र मात्र माळ्यावरून काढू नकोस, भाजी विळीवरच लवकर होते.

— ताई